मागून लागणारं इंजिन

पेपरच्या रायगड पानावर अधूनमधून एक चौकोनी बातमी येते. चार-पाच ओळींची, कुणा मुलानं जीव दिल्याची. मूल पंधरा-सोळा वर्षांचं, गाव कर्जत किंवा खालापूर तालुक्यातलं, आणि मथळ्यात एक शब्द ठरलेला: 'म्हणून'. मोबाईल दिला नाही म्हणून. आई रागावली म्हणून. मार्क कमी पडले म्हणून. सकाळच्या खोपोली लोकलमध्ये ती बातमी वाचली जाते, "आजकालच्या पोरांना काही बोलायची सोयच राहिली नाही" असं कुणीतरी म्हणतं, शेजारचा मान हलवतो, आणि पळसदरी येईपर्यंत विषय बदललेला असतो.

मी हायस्कूलात बत्तीस वर्षं शिकवलं. मला त्या 'म्हणून'शी भांडायचं आहे.

मराठीत निमित्त आणि कारण असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हातारं माणूस साध्या तापानं गेलं तर घरची सांगतात, "ताप काय, निमित्ताला झाला." वय झालं होतं, शरीर खंगलं होतं, जुना दमा होता, हे सगळं त्या एका वाक्यात येतं. पोराच्या बाबतीत मात्र हीच शहाणी माणसं निमित्तालाच कारण धरून बसतात. मोबाईल काढून घेतलेली मुलं घरोघरी आहेत. आई कधी रागावली नाही असं मूल शोधून सापडायचं नाही. मग एखादंच मूल त्या क्षणी का कोसळतं? मथळ्याला या प्रश्नाशी घेणं नसतं. आणि तो मथळा त्या आईच्या कपाळी जन्मभराचा डाग लावून जातो. आदल्या रात्री आपण जे वाक्य बोललो त्यानंच पोर गेलं, असं ती मरेपर्यंत समजत राहते. ते खरं नसतं. जगातल्या कोणत्याही आईचं एक वाक्य एवढं ताकदवान नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ सालच्या अहवालात अठरा वर्षांखालच्या १०,७३२ मुलामुलींच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात 'परीक्षेतलं अपयश' या रकान्यात किती? ८६४. म्हणजे शंभरात आठ. 'कौटुंबिक समस्या' या रकान्यात ३,२३३, प्रेमप्रकरणाच्या रकान्यात १,४९५, आजारपणाच्या १,४०८. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत महाराष्ट्र देशात पहिला होता, १,८३४. आपण निकालाच्या दिवशी धास्तावतो, आणि धास्तावावंच. पण हे आकडे बोट दाखवतात ते घराकडे आणि नात्यांकडे. अर्थात हे रकानेही पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी, रडणाऱ्या माणसांना विचारून भरलेले. एका मुलाला एकच रकाना. आयुष्य काही एका रकान्यात मावत नाही. 'परीक्षेतलं अपयश' लिहिलेल्या कित्येक पोरांच्या घरी निकालाच्या कितीतरी आधी काहीतरी बिनसलेलं असणार.

हे आधी काय बिनसलेलं असतं, ते एका मोठ्या अभ्यासातून नीट दिसलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातली ६५९ कुटुंबं संशोधकांनी धरून ठेवली. १९७५ साली मुलं लहान असताना पहिली भेट, मग १९८३ ला, मग १९८५-८६ ला, आणि १९९१ ते ९३ मध्ये ती मोठी झाल्यावर शेवटची. जेफ्री जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली निष्कर्ष छापले. लहानपणी मारझोड, हेळसांड, आईबापांची विचित्र वागणूक सोसलेल्या मुलांमध्ये पुढे आत्महत्येचे प्रयत्न जास्त दिसले. इथवर कुणालाही अंदाज करता आला असता. पण लहानपणचं ते दुखणं थेट तिथवर उडी मारत नव्हतं. मध्ये एक थांबा होता, किशोरवयाच्या मधल्या वर्षांचा. त्या वर्षांत मुलाची माणसांशी असलेली नाती कशी आहेत, यावर पुढचं बरंच ठरत होतं. जवळचा मित्र नाही, नवी ओळख जमत नाही, मोठ्यांशी रोज खटके, बरोबरीच्यांशी दुष्टपणा, वर्गात असून एकटेपण. ज्या मुलांच्या वाट्याला हे सगळं आलं त्यांचा धोका वाढला. सोसलं तर दोघांनीही असेल, पण एकाला त्या वयात माणसं सापडली आणि दुसऱ्याला सापडली नाहीत.

आपल्या शाळेच्या हिशेबात ही वर्षं म्हणजे नववी-दहावी. नेमक्या त्याच दोन वर्षांत आपण मुलाचं खेळणं बंद करतो, मित्र "कामाचे नाहीत" म्हणून तोडायला सांगतो, गणपतीला मामाकडे पाठवत नाही. दहावी आहे ना!

न्यूयॉर्क लांब वाटत असेल तर गोवा घ्या. गोव्यात सोळा ते चोवीस वयाच्या ३,६६२ तरुण-तरुणींशी बोलून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या तीन महिन्यांत आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न सांगणारे शंभरात सुमारे चार निघाले. धोका कुणाला जास्त? मुलींना. शाळा-कॉलेज सुटलेल्यांना. घरात मार खाणाऱ्यांना. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना. मनानं आजारी असलेल्यांना. यादीतली बरीचशी दुखणी माणसानं माणसाला दिलेली आहेत.

थॉमस जॉइनर हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांचे वडील आत्महत्येनं गेले, आणि पुढे हाच प्रश्न त्यांच्या कामाचा विषय झाला. २००५ साली त्यांनी आपली मांडणी पुस्तकरूपानं लोकांपुढे ठेवली. टोकाला पोचलेल्या माणसाच्या मनात दोन गोष्टी घर करून असतात, असं ते सांगतात. पहिली: माझं कुणी नाही. दुसरी: मी सगळ्यांवर ओझं झालोय, नसलो तर त्यांचं बरं होईल. या दोन्ही एकत्र आल्या की विचार सुरू होतो. विचार आला म्हणजे माणूस कृतीकडे जातोच असं नाही, कारण देहाला जगण्याची ओढ असते, वेदनेची भीती असते. पण मारहाण आणि इजा पुन्हा पुन्हा वाट्याला आल्या की ती भीतीही झिजत जाते, ही त्यांची तिसरी गोष्ट.

पहिल्या दोन गोष्टी मला आमच्याकडच्या बोलण्यात रोज ऐकू येतात, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबतो.

ओझ्याची गोष्ट आधी. आपल्याकडे प्रेम सांगायची रीतच अशी आहे की ते उपकारासारखं ऐकू यावं. "तुझ्या क्लासच्या फीसाठी मी गळ्यातलं मोडलं." "तुझ्यापायी बाबा डबल ड्युटी करतात." खोपोलीच्या कारखान्यात पाळी करून आलेला बाप, पाय दाबत बसलेली आई, ती खोटं बोलत नाहीत. त्यांना म्हणायचं असतं, तू आम्हाला एवढा प्यारा आहेस. पण घरात पैसा तंग असताना चौदा वर्षांचं पोर त्यातून हिशेब काढतं: मी नसतो तर गळ्यातलं राहिलं असतं. मुलीच्या बाबतीत तर भाषेनंच आधीपासून सोय करून ठेवली आहे. परक्याचं धन. "तुझं एकदा उरकलं की आम्ही सुटलो." उरकणं, सुटणं ही ओझ्याचीच क्रियापदं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. म्हणजे घरच्यांनी 'सुटण्याची' घाई केलेल्या मुली अजूनही पाचात एक आहेत.

आता 'माझं कुणी नाही'ची गोष्ट. रायगडच्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याला शब्द आहे, वाळीत टाकणं. गावकीनं एखादं घर वाळीत टाकलं की त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयतालासुद्धा खांदा द्यायचा नाही. हे प्रकार एवढे वाढले की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू आहे. आणि तो होण्याआधी गाजलेल्या प्रकरणांत आपला जिल्हा पुढेच होता. मोठी, कमावती, चार पावसाळे पाहिलेली माणसं वाळीत पडली की खचून जातात, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. मग आठवीतल्या मुलीला सगळ्या मैत्रिणींनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढलं, मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी डबा उघडायला कुणी बसेना, तर तिचं काय होत असेल? आपण म्हणतो, "एवढंच ना! दुसऱ्या मैत्रिणी कर." २००३ साली कॅलिफोर्नियात संशोधकांनी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर चेंडू टाकायचा तिघांचा साधा खेळ दिला. थोड्या वेळानं बाकीचे दोघे आपसांतच चेंडू टाकू लागले, तिसऱ्याकडे टाकेनात. एवढ्याशा डावलण्यानं मेंदूत जो भाग जागा झाला तो शरीराला दुखतं तेव्हाही जागा होणारा. मुलीला खरंच लागलेलं असतं. त्यातून त्या वयात भावनांचा भाग आधी तयार होतो आणि थांबून विचार करणारा, पुढचं पाहणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. "आजचा दिवस जाईल" हे आपल्याला सहज कळतं, तिला नाही.

आयुष्यातले ताण या सगळ्यावर येऊन बसतात. आणि ताण म्हटलं की शहरातल्या लेखांत क्लास, स्पर्धा आणि नीटची परीक्षा येते. कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत ताणांची जातकुळी निराळी आहे.

दिवाळी झाली की कातकरवाड्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघतात. शिमग्याला चार दिवस येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलगा हुशार निघाला, आश्रमशाळेत राहिला, तर तो सहा महिने आईबापांपासून तुटतो. रविवारी शाळेच्या फोनवर बोलायचं. तिकडे आईबापांकडे फोन असेलच असं नाही, मुकादमाचा नंबर लावायचा. मुकादम म्हणतो, "तुझा बा भट्टीवर हाय, मागून लाव." पोर पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. घंटा होते. ते पोर बोलत नाही, तक्रार करत नाही, जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभं राहतं. त्या मुलाची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. आणि व्हायची वेळ येऊ नये. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे, त्यांनी वसतिगृहांत हजार गोष्टी द्याव्यात, पण त्यात घरच्यांशी निवांत बोलता येईल असा एक ठरलेला तास पहिला असावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरीकडे एक्स्प्रेस वे झाल्यापासून ज्यांच्या जमिनी फार्महाऊसना गेल्या ती घरं. पैसा आला, मोटारसायकल आली, काही वर्षांत पैसा संपला. जिथं बाप भात लावायचा त्याच जागेच्या फाटकावर आता तो वॉचमन. संध्याकाळी तो पितो. घरातली भांडणं गावभर ऐकू जातात आणि मुलगा शाळेत मित्रांच्या नजरा चुकवतो. दारू हा वेगळा विषय म्हणून मी इथं सोडून देतो, पण बापाच्या दारूची लाज हा पोरांच्या मनावरचा केवढा मोठा दगड असतो, ते बत्तीस वर्षांत मी पुरेपूर पाहिलं.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची ती वाडी दरडीखाली गेली. २२८ माणसांचं गाव. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती, ती वाचली. त्या मुलांकडे बघायला नेते आले, कॅमेरे आले, वह्या-दप्तरं आली. ते यायलाच हवं होतं. पण अशा दुःखाचा कठीण काळ गर्दी ओसरल्यावर सुरू होतो. अंत्यदर्शन नाही, देह नाही, घर नाही, उंबरा नाही. आणि मनात एकच, मीच कसा राहिलो? दुर्घटनेनंतर मुलं सावरतात ती नव्या खोलीमुळे कमी आणि जुन्या माणसांमुळे जास्त. भावंडं एकत्र राहणं, तीच शाळा, तेच सर, वाडीतल्याच कुणा काकूच्या हातची भाकरी. पुनर्वसनाचे नकाशे काढताना ही गोष्ट सगळ्यात आधी विसरली जाते.

ताण बाहेरून येतो एवढंच खरं नाही. तो तयारही होतो. कॉन्स्टन्स हॅमन या संशोधिकेनं १९९१ मध्ये हे दाखवलं: मन उदासीत बुडालेलं माणूस नकळत भांडणं, ताटातूट, गैरसमज ओढवून घेतं, आणि त्यातून उदासी आणखी वाढते. मुलांत तर उदासी रडण्यातून दिसेलच असं नाही. ती चिडचिडीतून दिसते. उलट बोलणं, दार आपटणं, अभ्यासावरून लक्ष उडणं, रात्र रात्र जागणं.

हे मला फार उशिरा कळलं. माझ्या वर्गात नववीला एक मुलगा होता, शेवटच्या बाकावरचा. सहामाहीनंतर तो एकदम बदलला. वही आणायचा नाही, विचारलं की खांदे उडवायचा, एकदा मला तोंडावर "नाही करत, काय करायचं ते करा" म्हणाला. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईनं 'वर्तणूक उर्मट' लिहिलं आणि पालकांची सही आणायला सांगितलं. तीन दिवस तो आलाच नाही. चौथ्या दिवशी आमचे शिपाईमामा म्हणाले, "सर, त्याची आई दिवाळीत घर सोडून गेली. सही कोणाची आणणार तो?" मी मराठी शिकवत होतो, निबंधाला 'माझी आई' विषय देत होतो, आणि शिपाईमामांना जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं. पोर सावरलं, पण माझ्यामुळे नव्हे. ते मामा रोज मधल्या सुट्टीत त्याला आपल्याजवळ स्टुलावर बसवायचे, चहातला अर्धा चहा द्यायचे आणि घंटा द्यायचं काम त्याच्याकडे सोपवायचे. एवढंच. मानसशास्त्राचं एक पान न वाचता त्या माणसानं जॉइनरच्या दोन्ही गोष्टींवर औषध शोधलं होतं. तू माझा आहेस, आणि तुझा उपयोग आहे.

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की वडे घ्यायला जी झुंबड उडते ती सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी वड्यांसाठी थांबत नाही. पुढे बोरघाट आहे, सदतीस फुटांना एक फूट चढ. १८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली तेव्हापासून हा चढ प्रत्येक गाडीची परीक्षा बघतो. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. ती मागून रेटत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि सुटतात. जादा इंजिन लागलं म्हणून डेक्कन क्वीनला कुणी कमजोर म्हणत नाही. घाट तसा आहे, बस. पोराच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, आजची पिढीच नाजूक. आपल्या वेळेला चढ नव्हता असं नाही. रेटायला मागे आजी होती, आत्या होती, अंगणात चुलत भावंडं होती, आणि सगळ्या वाडीला आपलं नाव ठाऊक होतं.

मागून रेटायचं म्हणजे काय करायचं, हे शक्य तितकं साधं सांगतो.

मूल गप्प झालं, चिडकं झालं, जेवण-झोप बिघडली, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, "आता तुम्हाला माझा त्रास होणार नाही" अशा अर्थाचं काही बोललं, तर विचारायचं. आडून नाही, सरळ. "तुला जगू नये असं वाटतं का?" हा प्रश्न तोंडातून काढायला फार जड जातो, आणि सगळ्यांना एकच भीती वाटते: विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरलं तर? ती भीती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांत २,३४२ मुलांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले त्यांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्यानं उलट थोडं हलकं वाटल्यासारखं दिसलं. मूल "हो" म्हणालं तर? ओरडायचं नाही, रडून गळ्यात पडायचं नाही, "असं बोलतात का, आईबापांचा विचार कर" असं तर मुळीच म्हणायचं नाही, कारण त्यानं ओझंच वाढतं. "सांगितलंस ते बरं केलंस. आपण दोघं मिळून बघू" एवढं पुरे. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. घरातली औषधं, शेतावरची फवारणीची औषधं कुलपात घाला, किल्ली आपल्या कमरेला. अशी टोकाची वेळ बऱ्याचदा काही तासांची असते आणि ती टळली की पुष्कळ माणसं पुढे आयुष्यभर जगतात. श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत देशातलं आत्महत्यांचं प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास खाली आलं. तिथल्या माणसांची दुःखं काही तेवढी कमी झाली नव्हती.

फोन करायला नंबर आहे, १४४१६. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मूल स्वतः लावू शकतं, आईबापही लावू शकतात. मारझोड किंवा अत्याचार असेल तर १०९८. आणि एक धास्ती काढून टाका: पोलीस केस होईल म्हणून कित्येक घरं मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच तो धरून चालतो आणि तिच्यावर उपचार करणं सरकारचं कर्तव्य ठरवतो. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम जुलै २०२४ मध्ये आलेल्या न्यायसंहितेत उरलेलं नाही. दवाखान्यात नोंद होईल, ती रीत आहे. तुमचं पोर आरोपी नाही.

कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वटवानी यांची श्रद्धा संस्था आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवणारी. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला, आणि आमच्या तालुक्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतल्या दहावीच्या मुलीला जे हवं ते याहून फार लहान आणि फार जवळचं आहे: तिच्याच शाळेत, मार्क न देणारं, फळा न सांभाळणारं, एखादं ऐकणारं माणूस. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात माध्यमिक शाळांवर झालेला 'सेहेर' हा प्रयोग २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गोव्याची संगाथ संस्था त्यात होती. काही शाळांत साध्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी काम केलं, काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवलं. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांची उदासी कमी झाली, दादागिरी कमी झाली, शाळा आपली वाटू लागली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. शिक्षक म्हणून हा निकाल वाचताना मला वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. पट, पोषण आहार, निवडणूक, ऑनलाईन माहिती, आणि वर साठ मुलं. ज्याच्या हातात लाल शाई आहे त्याच्यापाशी पोर मन उघडत नाही. डॉक्टरांची वाट बघत बसायची गरज नाही; तालुक्यातल्याच बारावी-पदवी झालेल्या मुलामुलींना शिकवून तयार करता येतं. शिक्षण विभागानं आमच्याकडे निदान दहा शाळांत हे करून बघावं.

मी स्वतः नववीत असताना सहामाहीत तीन विषयांत गेलो होतो. ते निकालपत्र मी पुढचे आठ-नऊ महिने मनात घेऊन फिरत होतो, आणि त्या वर्षी माझ्या मनात काय काय येत होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वडील बोलत नव्हते. जून लागला, पहिला मोठा पाऊस झाला, आणि रात्री माझा मामा दारात. पायात काही नाही, डोक्यावर इरलं, हातात बॅटरी आणि गोणी. "चल, मुठे निघालेत."

बांधावरून आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. ओहोळाला लाल पाणी, बेडकांचा गलका, एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. बॅटरीच्या उजेडात मुठा, म्हणजे शेतातला खेकडा, दिसला की तो पाठीवरून अलगद दाबायचा आणि मागे न बघता माझ्याकडे द्यायचा, मी गोणीत टाकायचं. चार-पाच शेतं मागे पडली असतील. मग तसंच पुढे बघत तो म्हणाला, "लई दिवस झाले, तू हसला नाहीस. काय जड झालंय?"

मी काही बोललो नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. बॅटरी तेवढी खाली पाण्यावर धरली आणि चालायचा वेग कमी केला. पुढच्या बांधावर मी बोलायला लागलो.